सांडपाण्याचा हिशोब : उभारणी एकदाची, खर्च रोजचा

आपल्याकडे कोणी नवा माग बसवला, नवे दुकान घातले किंवा रंगाईचे खाते सुरू केले, की भेटणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘कितीला पडले?’ महिन्याला चालवायला किती लागते, हे सहसा कोणी विचारत नाही. घेणाराही अनेकदा तो हिशोब करीत नाही. यंत्र आले, पेढे वाटले गेले, फातेहा झाला. आणि सहा महिन्यांनी विजेचे बिल, दुरुस्ती, पगार आणि कर्जाचा हप्ता एकदम दारात उभे राहिले की डोक्याला हात लावायची वेळ येते.

खर्चाचे दोन भाग असतात. एक उभारणीचा, दुसरा चालवण्याचा. या दोहोंतला फरक नीट समजावा म्हणून या लेखात आम्ही एक दूरचे उदाहरण घेतले आहे. ते कापडाचे नाही, सांडपाण्याचे आहे. पण रंगाई, धुलाई, साइझिंग आणि चामडे कमावणे या धंद्यांत आपले असंख्य बांधव आहेत आणि या धंद्यांचे भवितव्य आज पाण्याशी बांधलेले आहे. म्हणून हे उदाहरण वाटते तितके दूरचे नाही.

अमेरिकेतील किंग काउंटी

अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन राज्य आहे. तेथील सिएटल हे बंदराचे शहर ज्या काउंटीत येते तिचे नाव किंग काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडील जिल्हा समजावा. १९५० च्या दशकात सिएटलच्या शेजारचा वॉशिंग्टन तलाव भोवतालच्या वस्त्यांच्या सांडपाण्याने खराब झाला होता. १९५८ साली तेथील मतदारांनी सांडपाण्यासाठी एक स्वतंत्र प्रादेशिक संस्था स्थापन केली. १९६० च्या दशकाच्या मध्यास दोन मोठी शुद्धीकरण केंद्रे सुरू झाली आणि १९६८ पर्यंत तलावात सांडपाणी सोडणे बंद झाले. तलाव पुन्हा स्वच्छ झाला. ही संस्था १९९४ मध्ये काउंटीत विलीन झाली.

पुढे लोकवस्ती वाढली आणि दोन केंद्रे अपुरी पडणार हे दिसू लागले. १९९९ मध्ये काउंटीने पुढील अनेक वर्षांचा आराखडा मंजूर केला. त्यातून तिसरे केंद्र उभे राहिले. त्याचे नाव ब्राइटवॉटर. २००३ च्या अखेरीस जागा ठरली, २००६ मध्ये बांधकाम सुरू झाले, २०११ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र चालू झाले आणि समुद्रापर्यंतचा बोगदा २०१२ मध्ये वापरात आला. आराखड्यापासून पूर्ततेपर्यंत तेरा वर्षे लागली. एकूण खर्च आला सुमारे १८० कोटी डॉलर. रोज सुमारे ३ कोटी ६० लाख गॅलन, म्हणजे साडेतेरा कोटी लिटरहून अधिक पाणी शुद्ध करण्याची त्याची पहिल्या टप्प्याची क्षमता आहे.

आता हे १८० कोटी डॉलर कशाकशावर गेले, ते पाहू.

टाक्यांपेक्षा वाट महाग

शुद्धीकरण केंद्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टाक्या, पंप आणि यंत्रे येतात. ब्राइटवॉटरमध्ये मात्र खर्चाचा फार मोठा भाग जमिनीखाली गेला. केंद्र समुद्रापासून दूर, आत आहे. शुद्ध झालेले पाणी समुद्रात नेण्यासाठी सुमारे १३ मैल, म्हणजे २१ किलोमीटर लांबीचा बोगदा खोदावा लागला. काही ठिकाणी तो जमिनीखाली चारशे फुटांहून खोल आहे. त्यापुढे समुद्राच्या तळावर सुमारे एक मैल नळ टाकून पाणी सहाशे फूट खोलीवर सोडले जाते.

कारागीर बांधवांना हे चटकन कळेल. यंत्राची किंमत दुकानदार सांगतो. पाया, वीजजोडणी, पाण्याची लाइन, गटार, छप्पर, हमाली यांचा खर्च तो सांगत नाही. तो आपला आपण धरायचा असतो. किंग काउंटीच्या बाबतीत ‘गटार’ हेच मोठे प्रकरण होते.

दुसरी बाब शेजाऱ्यांची. हे केंद्र किंग काउंटीच्या हद्दीत नाही. ते उत्तरेच्या शेजारच्या स्नोहोमिश काउंटीत आहे. दुसऱ्याच्या दारात सांडपाण्याचे केंद्र घालायचे तर शेजारी गप्प कसा बसेल? वाद झाला, कोर्टकचेरी झाली आणि २००५ च्या समझोत्यानुसार किंग काउंटीने शेजारच्या काउंटीला होणाऱ्या उपद्रवाच्या भरपाईपोटी सुमारे ७ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. शिवाय दुर्गंधी केंद्राच्या हद्दीबाहेर जाणार नाही असा बंदोबस्त करावा लागला. टाक्या झाकल्या, आतली हवा ओढून घेऊन ती अनेक टप्प्यांत शुद्ध करण्याची यंत्रणा बसवली आणि आवारात झाडे, पाणथळ जागा व लोकांना फिरण्यासाठी पायवाटा केल्या.

काही जण याला चैन म्हणतील. आम्हाला तसे वाटत नाही. शेजाऱ्याचा हक्क हा आपल्या दीनमध्ये किती मोठा मानला आहे हे वाचकांना सांगायला नको. शेजाऱ्याला होणारा त्रास हा आपल्या धंद्याचा खर्च आहे. तो आपण भरला नाही, तर शेजारी आपल्या तब्येतीने, आपल्या विहिरीने, आपल्या शेतीने भरतो. अमेरिकेतल्या शेजाऱ्याने तो वसूल केला, कारण त्याच्या हातात ताकद होती. आपल्या नाल्याकाठच्या गरिबाच्या हातात ती नसते, एवढाच फरक आहे.

बोगद्यात अडकलेली यंत्रे

बोगदा खोदण्यासाठी चार मोठी यंत्रे लावली होती. मधल्या भागाचे काम तीन कंपन्यांच्या भागीदारीकडे होते. त्या ठेक्याची रक्कम सुमारे २१ कोटी डॉलर होती. २००९ मध्ये या मधल्या भागातील दोन्ही यंत्रांची तोंडे झिजून निकामी झाली आणि ती तीनशे फुटांहून खोल जमिनीत बंद पडली. इतक्या खोल, पाण्याच्या दाबाखाली माणूस उतरवून दुरुस्ती करणे म्हणजे जिवाशी खेळ. काम महिनोन्महिने थांबले. शेवटी एका यंत्राचे उरलेले काम दुसऱ्या ठेकेदाराकडे द्यावे लागले. त्याने समोरच्या बाजूने आपले यंत्र पुढे नेऊन बोगदा पूर्ण केला.

मग प्रश्न आला, या नुकसानीचा धनी कोण? ठेकेदार म्हणाले, जमीन सांगितल्याप्रमाणे निघाली नाही. काउंटी म्हणाली, काम ठरल्याप्रमाणे आणि मुदतीत करण्यात तुम्ही कसूर केली. प्रकरण कोर्टात गेले. डिसेंबर २०१२ मध्ये ज्युरीने काउंटीला १५ कोटी ५८ लाख डॉलर द्यावेत असा निकाल दिला. त्याच वेळी ठेकेदारांच्याही काही मागण्या योग्य ठरवून त्यांना २ कोटी ६३ लाख डॉलर मंजूर केले. वजाबाकी करता काउंटीच्या पदरात १२ कोटी ९५ लाख डॉलर पडले. ठेकेदारांना जामीन राहिलेल्या कंपन्यांनी हात वर केले होते. त्यांच्याकडून काउंटीला वकिलीचा सुमारे दीड कोटी डॉलरचा खर्चही मिळाला. तो वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ मध्ये काउंटीच्या बाजूने संपला.

या प्रकरणातून आम्ही तीन गोष्टी शिकलो. पहिली, करार लेखी होता. जमिनीत काय काय निघू शकते याचे अहवाल आधी तयार होते, काम केव्हा कुठे पोहोचावे हे लिहिलेले होते. सूरह बकरामधली कुरआनची सर्वांत लांब आयत ही देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदार ठेवण्याविषयी आहे, हे आपण सारे जाणतो. पण आपल्या बाजारात कोट्यवधींचा माल आजही तोंडी बोलीवर आणि चिठ्ठीवर फिरतो. ‘भाईचारा आहे, लिहायचे कशाला?’ असे म्हणतात आणि मग भाईचाराच तुटतो.

दुसरी गोष्ट, जामीनदार होता. ठेकेदार बुडाला किंवा फिरला तरी मागायला जागा होती.

तिसरी गोष्ट, निकाल एकतर्फी नव्हता. ज्याची जेवढी बाजू खरी, तेवढे त्याला मिळाले. हे शक्य झाले ते दोन्ही बाजूंच्या नोंदींमुळे.

पैसा आला कोठून?

एवढी रक्कम काउंटीच्या तिजोरीत पडून नव्हती. काउंटीने कर्जरोखे विकून पैसा उभा केला. लोकांनी आणि संस्थांनी ते रोखे घेतले आणि काउंटी त्यांना कित्येक वर्षे मुद्दल आणि व्याज फेडत आहे. परिणाम असा की केंद्र बांधून झाल्यानंतरच्या वर्षांत त्या खात्याच्या वार्षिक खर्चात रोजच्या कामकाजापेक्षा कर्जफेडीचा वाटा मोठा राहिला. म्हणजे त्या वर्षांत पाणी साफ करायला जे लागले, त्याहून जास्त आधी घेतलेल्या कर्जासाठी लागले.

व्याज काय करते ते साध्या हिशोबाने पाहू. समजा, शंभर रुपये ५ टक्क्यांनी ३० वर्षांसाठी घेतले आणि दरसाल समान हप्त्याने फेडले. दरसाल हप्ता बसतो सुमारे साडेसहा रुपये. तीस वर्षांत फेड होते १९५ रुपये. शंभराची वस्तू जवळजवळ दोनशेला पडली. वस्तू मात्र एकच आली आणि तीस वर्षांत तीही जुनी झाली. व्याज हराम का, याची चर्चा आलिम करतील. आम्ही व्यापारी म्हणून एवढेच सांगतो की व्याजावर उभारलेल्या प्रत्येक गोष्टीच्या किमतीत एक न दिसणारी दुसरी किंमत असते, आणि ती शेवटी गिऱ्हाईकच भरते.

हा पैसा वसूल होतो दोन वाटांनी. काउंटी तीसहून अधिक शहरांचे आणि सांडपाणी मंडळांचे पाणी घेते व त्यांच्याकडून घरटी मासिक दर आकारते. केंद्र सुरू झाले त्या २०११ साली हा दर महिन्याला ३६ डॉलर १० सेंट होता. २०२५ साली तो ५८ डॉलर २८ सेंट झाला. ही वाढ एकट्या ब्राइटवॉटरची नाही. जुन्या केंद्रांची दुरुस्ती, महागाई आणि नवी कामेही त्यात आहेत. पण उतरणारा दर आम्हाला एकदाही दिसला नाही.

दुसरी वाट आम्हाला विशेष वाटली. १९९० पासून जो कोणी नवे घर किंवा नवी इमारत या व्यवस्थेला जोडतो, त्याला नेहमीच्या दराशिवाय पंधरा वर्षे एक वेगळा आकार भरावा लागतो. विचार असा की ज्यांच्यामुळे वाढीव क्षमता बांधावी लागली, त्यांनी तिचा भार उचलावा. जुन्यांवर तो पडू नये. तत्त्व न्यायाचे आहे. मात्र यात एक धोका असतो. नवी घरे बांधली गेली नाहीत, मंदी आली, तर हा आकार कमी येतो आणि कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहतो. भविष्यातल्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर आज कर्ज काढले की ही भीती कायम मानगुटीवर बसते.

चालवण्याचा खर्च

आता रोजच्या खर्चाकडे वळू. ब्राइटवॉटरमध्ये पाणी साफ करण्याची जी पद्धत आहे, तिच्यात सूक्ष्म जीवाणूंकडून घाण खाऊ घातली जाते आणि नंतर अतिबारीक छिद्रांच्या पडद्यांतून, म्हणजे मेम्ब्रेनमधून पाणी ओढून घेतले जाते. पाणी इतके स्वच्छ निघते की ते बागा, शेती आणि कारखान्यांना पुन्हा वापरता येते. पण स्वच्छतेला किंमत असते.

१) वीज : जीवाणू जगावेत म्हणून टाक्यांत रात्रंदिवस हवा सोडावी लागते. पडद्यांवर घाण बसू नये म्हणून तेथेही हवा मारावी लागते. पंप वेगळेच. अशा केंद्रात विजेचा सर्वांत मोठा वाटा हवेचा असतो.

२) रसायने : पडदे वरचेवर धुवावे लागतात. त्यासाठी क्लोरीनचे द्रावण व सायट्रिक ॲसिड लागते.

३) पडद्यांची बदली : पडदे कायमचे नसतात. दहा वर्षांच्या आसपास ते बदलावे लागतात. हा खर्च रोज दिसत नाही, पण रोज होत असतो. जो दरसाल बाजूला काढत नाही, त्याला दहाव्या वर्षी कर्ज काढावे लागते.

४) माणसे : यंत्र कितीही स्वयंचलित असो, त्याची नाडी ओळखणारा माणूस लागतोच.

५) गाळ : पाणी साफ झाले म्हणजे घाण नाहीशी झाली असे नाही. ती गाळ होऊन खाली बसते. तिची विल्हेवाट हा स्वतंत्र खर्च. किंग काउंटी या गाळावर प्रक्रिया करून तो राज्यातील गव्हाच्या शेतांना आणि जंगलांना खत म्हणून देते. त्यामुळे ओझ्याचे काही प्रमाणात मोल होते. रंगाईच्या किंवा चामड्याच्या गाळाचे असे करता येत नाही, कारण त्यात रसायने व धातू असू शकतात.

छोट्या वस्तूने केलेला मोठा घात

चालवण्याच्या खर्चात कसर केली की काय होते, याचा दाखला त्याच काउंटीत आहे. तिचे सर्वांत मोठे केंद्र वेस्ट पॉइंट. ९ फेब्रुवारी २०१७ च्या पहाटे जोरदार पाऊस होता आणि केंद्र पूर्ण भाराने चालले होते. विजेत अंशतः बिघाड झाला आणि पाणी बाहेर फेकणारे पंप थांबले. पाणी चढले की इशारा देऊन येणारे पाणी आपोआप बंद व्हावे, यासाठी टाक्यांत तरंगते स्विच होते. आपल्या घराच्या टाकीत फ्लोट असतो, त्याच जातीचे. तेच चालले नाहीत. केंद्राचे तळघर बुडाले, मोटारी आणि विजेची उपकरणे पाण्याखाली गेली. सुमारे ३ कोटी गॅलन कच्चे सांडपाणी, आणि त्याच्या अनेक पट पावसाच्या पाण्यासह, समुद्रात सोडावे लागले. दुरुस्तीवर कोट्यवधी डॉलर गेले. राज्याच्या पर्यावरण खात्याने काउंटीला ३ लाख ६१ हजार डॉलर दंड केला. स्वतंत्र चौकशीत कर्मचाऱ्यांचे अशा प्रसंगाचे प्रशिक्षण अपुरे होते हेही पुढे आले.

कारागीर बांधवहो, तरंगत्या स्विचची किंमत ती काय? पण तो वेळोवेळी उचलून पाहणे, साफ करणे, बदलणे हे ‘देखभाल’ या खात्यात येते. आणि धंदा मंदावला की आपण सर्वांत आधी हेच खाते कापतो.

आता आपल्या घरचे

एवढे वाचून कोणी म्हणेल, अमेरिकेच्या डॉलरशी आमचा काय संबंध? संबंध आहे. २८ ऑगस्ट १९९६ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील वेल्लोर भागातील चामड्याच्या कारखान्यांबाबत निकाल दिला. वाणियंबाडी, अंबूर, राणीपेट या गावांत चामड्याच्या धंद्यात मुस्लिम मालक मोठ्या संख्येने आहेत. प्रदूषण करणाऱ्यानेच नुकसान भरावे, हे तत्त्व न्यायालयाने देशाच्या कायद्याचा भाग मानले, प्रत्येक कारखान्याला दहा हजार रुपये दंड केला आणि शुद्धीकरणाची व्यवस्था करा, नाही तर कारखाना बंद, असा आदेश दिला.

पंधरा वर्षांनी होजिअरीचे माहेरघर असलेल्या तिरुपूरची पाळी आली. नोय्यल नदी रंगाईच्या खारट पाण्याने नासली होती आणि खालचे शेतकरी कोर्टात गेले होते. सामायिक शुद्धीकरण केंद्रे बांधलेली होती. पण थेंबभरही पाणी नदीत जाऊ नये, ही अट पुरी होत नव्हती. २८ जानेवारी २०११ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने रंगाई खाती आणि ही केंद्रे बंद करण्याचा आदेश दिला. शेकडो खाती एका दिवसात थंड झाली. हजारो कामगार रिकामे बसले. नंतर त्याच वर्षी राज्य सरकारने केंद्रांच्या सुधारणेसाठी २०० कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज जाहीर केले. सरकारलाही संकटात बिनव्याजी कर्जच सुचले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तिरुपूरमध्ये इमारती होत्या, टाक्या होत्या, उद्घाटने झाली होती. कमी पडले ते नंतरचे. २०१२ मध्ये सुधारलेल्या केंद्राच्या योजनेत सामायिक केंद्राच्या उभारणीसाठी केंद्र सरकारने ५० टक्के, राज्याने २५ टक्के आणि कारखानदारांनी २५ टक्के द्यावेत असे ठरले. उभारणीत चार आण्यांचा वाटा ऐकून सगळे खूश होतात. पण चालवण्याचा सोळा आणे खर्च सभासदांचाच असतो.

तो किती येतो, हे समजण्यासाठी एक धरून चाललेला हिशोब मांडतो. आकडे आपापल्या खात्याप्रमाणे बदलून घ्यावेत. समजा, रोज एक लाख लिटर पाणी साफ करणारे छोटे केंद्र ६० लाखांत उभे राहिले आणि ते बारा वर्षे चालणार आहे. म्हणजे दरसाल झिजेपोटी ५ लाख बाजूला काढायला हवेत. वीज साडेतीन लाख, माणसे ३ लाख, रसायने २ लाख, गाळ १ लाख, दुरुस्ती अर्धा लाख. चालवण्याचा खर्च झाला १० लाख. एकूण १५ लाख. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३ कोटी लिटर पाणी. लिटरला ५ पैसे पडले. बारा वर्षांत उभारणीला ६० लाख लागले आणि चालवायला १ कोटी २० लाख. यंत्राच्या दुप्पट!

आता दुसरी बाजू पाहा. काम निम्मे झाले आणि रोज ५० हजार लिटरच पाणी आले, तर वीज, रसायने आणि गाळ यांचा खर्च निम्मा होईल. पण झीज, माणसे आणि दुरुस्ती तेवढीच राहील. एकूण खर्च पावणेबारा लाख आणि पाणी दीड कोटी लिटर. लिटरला जवळजवळ ८ पैसे. म्हणून गरजेपेक्षा मोठे केंद्र बांधणे हीसुद्धा उधळपट्टीच आहे. चार-सहा खात्यांनी मिळून योग्य मापाचे एक केंद्र चालवणे स्वस्त पडते.

मीटरमागे पन्नास पैसे

हा हिशोब कापडावर आणू. एक किलो सुती कापडाच्या धुलाई-रंगाईला ८० लिटर पाणी धरले आणि कापड मीटरला सव्वाशे ग्रॅम धरले, तर मीटरमागे १० लिटर पाणी लागते. लिटरला ५ पैसे म्हणजे मीटरला ५० पैसे.

येथे आम्हाला स्वतःची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या खात्यातून ग्रे कापड रंगवून घेत होतो, त्या मालकाने मीटरमागे चाळीस पैसे वाढवून मागितले. म्हणाला, ‘शेठ, पाणी साफ करायचे मशीन बसवले आहे, ते परवडत नाही.’ आम्ही बाजारचा दर दाखवला आणि एक पैसा वाढवला नाही. त्यानेही काम सोडले नाही. त्याला परवडले कसे, हे आम्ही विचारले नाही. पुढे एकदा रात्री उशिरा माल उचलायला गेलो, तेव्हा शुद्धीकरणाची मोटार बंद होती आणि मागच्या नाल्यात निळे पाणी वाफाळत चालले होते. मालकाने आमच्याकडे पाहिले, आम्ही त्याच्याकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही. ते चाळीस पैसे आमच्या नफ्यात जमा झाले होते. त्या नाल्याच्या खालच्या अंगाला आपलीच वस्ती आहे.

आम्ही नमाज पढतो, झकात काढतो, वजनमापात कमी देत नाही. पण ज्या खर्चाचा बोजा आपला होता तो दुसऱ्याच्या विहिरीत ओतून केलेल्या नफ्याला काय म्हणावे? बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करायचा असतो, ही आपली श्रद्धा आहे. त्या वस्तीतल्या कोणाकोणाला गाठून माफी मागणार? त्यानंतर आम्ही रंगाईचा दर ठरवताना पाण्याचा खर्च वेगळा लिहून घेतो व वेगळा देतो, आणि मोटार चालते की नाही हे जाऊन पाहतो. त्यामुळे आमचे काही गिऱ्हाईक तुटले, हे खरे. धंदा बंद पडला नाही, हेही खरे.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१) कोणतेही यंत्र किंवा केंद्र घेण्यापूर्वी किमान दहा वर्षांचा चालवण्याचा खर्च लिहून काढावा. तो परवडत नसेल तर यंत्र फुकट मिळाले तरी महाग आहे.

२) झिजेची रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकावी. तो नफा नव्हे, ती उद्याच्या यंत्राची अमानत आहे.

३) ठेकेदाराशी करार लेखी करावा. मुदत, माप, बिघाडाची जबाबदारी आणि जामीन त्यात असावा. रोजच्या कामाची नोंद आपणही ठेवावी.

४) व्याजाच्या कर्जाऐवजी आधी भागीदारी, सभासदांची वर्गणी आणि बिनव्याजी पतसंस्था या वाटा शोधाव्यात. एकट्याला जड जाणारे काम दहा जणांना हलके जाते.

५) सामायिक केंद्रात प्रत्येकाच्या पाण्याला मीटर असावा. ज्याचे पाणी जास्त, त्याचा भार जास्त. मीटर नसला की प्रामाणिक सभासद अप्रामाणिकाचा खर्च भरतो.

६) आधी पाणी वाचवावे. जे पाणी वापरलेच नाही, ते साफ करावे लागत नाही. वुझूच्या पाण्यातही इस्राफ नको, ही शिकवण असणाऱ्या समाजाच्या खात्यात नळ उघडा राहू नये.

७) व्यापारी बांधवांनी रंगाईचा भाव पाडताना एकदा स्वतःला विचारावे, की हे पैसे नेमके कोठून कमी होत आहेत?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर. जेथे जेथे मागाचा आवाज आहे तेथे पाण्याचा हा प्रश्न आज ना उद्या दारात येणार आहे. कोर्टाचा आदेश येण्याची वाट पाहिली, तर तिरुपूरप्रमाणे एका दिवसात कुलूप लागते. आधीच हिशोब मांडला, तर मीटरमागे पन्नास पैशांचा प्रश्न आहे. अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो, आणि तिच्यात कोणाच्या विहिरीचे पाणी मिसळलेले नसो. आमीन.